पंप बदलला तो नियमामुळे

दम्याचा पंप १९९०च्या दशकापर्यंत सीएफसी वायूच्या दाबावर चालत असे. औषध श्वासनलिकांत जाई आणि वायू वातावरणात जाऊन ओझोनचा थर झिजवी. १९८७च्या मॉन्ट्रियल करारात हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. इनहेलरला मात्र पर्याय मिळेपर्यंत सवलत दिली गेली, कारण रुग्णाचा श्वास थांबवून ओझोन वाचवणे कोणालाच मान्य नव्हते.

सवलत कायमची नाही, हे दिसताच औषध कंपन्या कामाला लागल्या. नव्या एचएफए वायूशी औषधाचे जुने मिश्रण जुळेना. मग मिश्रण, झडप, रबरी सील सारेच नव्याने घडवावे लागले. कायद्याची मुदत नसती, तर चालू धंद्यात एवढा खर्च कोणी केला असता?

मात्र याची झळ रुग्णालाही बसली. अमेरिकेत २००८च्या अखेरीस सीएफसीवर चालणारे साल्ब्युटामॉलचे पंप बंद झाले. त्यांच्याबरोबर स्वस्त जेनेरिक पंप गेले आणि पेटंटवाले महाग पंप तेवढे उरले.

आता एचएफएचीही पाळी आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो. २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार अशा वायूंचा वापर घटवायचा आहे. कोरड्या पावडरीच्या इनहेलरला वायू लागत नाही. पण लहान मुलांना आणि तीव्र धाप लागलेल्यांना तो जोराने ओढता येत नाही. त्यांना पंपच हवा.

म्हणून सरकारने कंपन्यांना मुदत जरूर घालावी. त्याच आदेशात नव्या पंपाच्या किमतीचाही बंदोबस्त करावा. तोवर रुग्णांनी आपला पंप मनाने बंद करू नये.