टोप्यांची टंचाई

अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने २००७ साली आणलेला ‘टीम फोर्ट्रेस २’ हा संगणकीय खेळ व्यंगचित्रासारखा हसरा आहे. तांबडा व निळा असे दोन संघ, नऊ तऱ्हांचे भाडोत्री सैनिक, आणि कलहाचे मूळ दोन भावांच्या वारसाहक्काच्या जमिनीत. मालकांच्या हव्यासापायी भाडोत्र्यांनी परस्परांचे जीव घ्यावेत, हा उपहास मार्मिकच म्हटला पाहिजे.

परंतु उपहास करणाऱ्यांचा स्वतःचा व्यवहार काय आहे? २०१० साली खेळातच दुकान थाटण्यात आले. बंद पेटी फुकट मिळते. किल्लीला मात्र सुमारे अडीच डॉलर मोजावे लागतात, आणि आत काय आहे ते पेटी उघडल्यावरच कळते. अशी विक्री सुरू झाल्यावर, २०११ साली, खेळ मोफत झाला. ज्या टोपीची आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, तिची टंचाई निर्माण करून किंमत उभी केली जाते. जुलै २०१९ मध्ये तांत्रिक चुकीमुळे काही पेट्यांतून दुर्मीळ टोप्या हमखास निघू लागल्या आणि भाव गडगडले. कंपनीने जादा टोप्यांच्या देवघेवीवर निर्बंध घालून टंचाई पूर्ववत केली. बाजाराचा ‘अदृश्य हात’ येथे स्पष्ट दिसला!

बेल्जियमच्या नियंत्रकांनी २०१८ साली अन्य काही खेळांतील अशा पेट्यांना जुगार ठरविले. तोच न्याय येथेही लागू व्हावा. खेळाच्या आनंदाला कोणाचाही विरोध नाही; मुलांच्या खेळात शिरलेल्या सोडतीला मात्र असलाच पाहिजे.