सुदान : युद्ध थांबवा म्हणणारेच युद्धाला रसद पुरवत असतील तर?

१२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती (यूएई) या चार देशांनी सुदानसाठी एक संयुक्त निवेदन काढलं. आधी तीन महिन्यांचा मानवतावादी युद्धविराम, मग कायमची शस्त्रसंधी आणि त्यानंतर नऊ महिन्यांत नागरी सरकारकडे नेणारी प्रक्रिया, असा त्यात आराखडा होता. बाहेरून येणारी लष्करी मदत थांबल्याशिवाय युद्ध संपणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

जेमतेम दीड महिन्यात, २६ ऑक्टोबरला, दारफूर प्रांतातलं एल-फाशर हे शहर पडलं. 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' म्हणजेच आरएसएफ या निमलष्करी दलाने त्याला दीड वर्ष वेढा घातला होता. शहर ताब्यात आल्यानंतर तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. हा वेढा थांबवा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्येच मंजूर केला होता. इतके मोठे देश सांगत असूनही हे युद्ध थांबत का नाही?

भांडण कोणाचं?

एका बाजूला लष्करप्रमुख जनरल अब्देल फताह अल-बुरहान, दुसऱ्या बाजूला आरएसएफचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ 'हेमेदती'. या दोघांनी मिळूनच २०२१ मध्ये सत्ता बळकावली होती. आरएसएफला लष्करात कधी आणि कसं सामावून घ्यायचं, यावर त्यांचं फाटलं आणि १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्तुममध्ये तोफा धडधडू लागल्या. 'ऑपरेशन कावेरी' राबवून भारताने आपल्या साडेतीन हजारांहून अधिक नागरिकांना बाहेर काढलं, ते याच वेळी. त्यानंतर सुदान आपल्याकडच्या बातम्यांतून जवळजवळ गायब झाला. युद्ध मात्र चालूच राहिलं आणि सुमारे १ कोटी २० लाख लोकांना घर सोडावं लागलं.

हा 'क्वाड' वेगळा

या चार देशांच्या गटालाही 'क्वाड'च म्हणतात. भारत, जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या क्वाडशी त्याचा संबंध नाही. या गटातला प्रत्येक जण मध्यस्थ आहे, पण त्यातल्या काहींचे हात या युद्धात गुंतलेले आहेत, हा खरा पेच.

इजिप्त उघडपणे सुदानी लष्कराच्या पाठीशी आहे. नाईल नदी आणि लांबलचक सीमा पाहता दक्षिणेला ओळखीचं लष्करी सरकार असणं कैरोला सोयीचं वाटतं. सौदी अरेबियाचा कलही लष्कराकडे आहे, कारण समोरच्या किनाऱ्यावर, तांबड्या समुद्राच्या पलीकडे, सुदान आहे. यूएईवर आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप आहे. शेजारच्या चाड देशातल्या अमजरास विमानतळामार्गे होणाऱ्या पुरवठ्याचे आरोप 'विश्वासार्ह' असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने जानेवारी २०२४ च्या अहवालात म्हटलं. यूएईने हे आरोप सतत फेटाळले आहेत.

सुदान सरकार यूएईविरोधात हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेलं. वंशसंहारविरोधी करारावर सही करताना यूएईने न्यायालयाच्या अधिकाराबाबतचं कलम मान्य केलं नव्हतं. त्यामुळे ५ मे २०२५ ला खटला अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच निकाली निघाला, आरोपांच्या खरेखोटेपणापर्यंत प्रकरण गेलंच नाही. दुसऱ्याच दिवशी सुदानने यूएईशी राजनैतिक संबंध तोडले. आणि सोनं? युद्धकाळातही सुदानच्या अधिकृत सोने निर्यातीतला सर्वांत मोठा वाटा यूएईलाच जात राहिला. ज्याला शत्रू म्हणायचं त्यालाच सोनं विकायचं, असा हा मामला.

अमेरिकेचा हात का आखडतो?

निर्बंध लावले नाहीत असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये जो बायडेन यांच्या प्रशासनाने आरएसएफने वंशसंहार केल्याचं जाहीर केलं. हेमेदती आणि त्याच्याशी संबंधित यूएईतल्या सात कंपन्यांवर निर्बंध आले, पुढच्याच आठवड्यात बुरहान यांच्यावरही. पण लढाई व्यक्तींच्या बँक खात्यांवर चालत नाही. ती चालते ड्रोन, इंधन आणि भाडोत्री सैनिकांवर, आणि ते पुरवणाऱ्या सरकारला दुखेल असं पाऊल अमेरिकेने उचललेलं नाही. यूएई अमेरिकी शस्त्रांचा मोठा ग्राहक आहे. अमेरिकेत दहा वर्षांत १.४ लाख कोटी डॉलर गुंतवण्याचं आश्वासन त्याने मार्च २०२५ मध्ये दिलं. नोव्हेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी आरएसएफचा शस्त्रपुरवठा थांबायला हवा असं सांगितलं, पण पुरवठादाराचं नाव घेणं टाळलं.

याआधीच्या फेऱ्यांची कहाणीही फार वेगळी नाही. मे २०२३ मधल्या जेद्दाह जाहीरनाम्यात दोन्ही बाजूंनी नागरिकांना इजा न करण्याचं वचन दिलं आणि मोडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हाला लष्कर फिरकलंच नाही. एप्रिल २०२५ च्या लंडन परिषदेत तर लढणाऱ्या दोघांना बोलावलंही नव्हतं, तरी संयुक्त निवेदनाच्या मसुद्यावर अरब देशांतच एकमत झालं नाही.

एल-फाशर पडल्यावर आरएसएफने युद्धविरामाला होकार कळवला. हवं ते शहर हाती आल्यावर होकार देणं सोपं होतं. बुरहान यांनी मात्र अमेरिकी दूत मसाद बुलोस यांनी मांडलेला प्रस्ताव आतापर्यंतचा सर्वांत वाईट ठरवून फेटाळला. आरएसएफ आहे तिथेच राहणार आणि लष्कराची ताकद काढून घेतली जाणार, हा त्यांचा आक्षेप. यूएई सामील असलेला गट निःपक्षपाती नाही, हा दुसरा. बुरहान यांना युद्ध लांबवण्यात रस आहे, हे खरं. पण हा दुसरा आक्षेप खोडून काढणं अवघड आहे.

२००५ मध्ये काय जमलं होतं?

परकीय दबाव सुदानमध्ये कधीच चालला नाही, असं मात्र नाही. उत्तर आणि दक्षिण सुदानमधलं २२ वर्षांचं युद्ध ९ जानेवारी २००५ च्या करारानं संपलं. केनियात झालेल्या वाटाघाटींमागे पूर्व आफ्रिकी देशांची 'इगाड' ही संघटना होती आणि तिच्या पाठीशी अमेरिका, ब्रिटन व नॉर्वे. हे मध्यस्थही सोवळे नव्हते. इगाडमधल्या काही शेजाऱ्यांनी दक्षिणेच्या बंडखोरांना मदत केलेली होती. पण तेव्हा चर्चेचं टेबल एकच होतं. खार्तुमला अमेरिकी निर्बंधांतून सुटका हवी होती, दक्षिणेला सार्वमत. दोघांना हवं ते त्या टेबलावरच मिळणार होतं.

त्याचीही किंमत होती. हा करार मोडू नये म्हणून त्याच वेळी पेटलेल्या दारफूरकडे पाश्चात्त्य देशांनी काणाडोळा केला, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. दारफूरमध्ये कत्तली करणाऱ्या जंजावीद टोळ्यांतूनच २०१३ मध्ये आरएसएफ उभी राहिली.

तेलासाठी तीन दिवस

८ डिसेंबर २०२५ ला आरएसएफने कोर्दोफान प्रदेशातलं हेग्लिग तेलक्षेत्र घेतलं. ज्या ग्रेटर नाईल प्रकल्पात भारताच्या 'ओएनजीसी विदेश'ने २००३ मध्ये २५ टक्के हिस्सा घेतला होता, त्यातलंच हे क्षेत्र. दक्षिण सुदानचं काही तेल इथून पाइपलाइनने बंदराकडे जातं आणि त्या देशाचं सरकार जवळजवळ पूर्णपणे तेलाच्याच पैशावर चालतं. सुदान सरकारला वाहतुकीचं शुल्क मिळतं. काही दिवसांतच लष्कर, आरएसएफ आणि दक्षिण सुदान यांच्यात त्रिपक्षीय समझोता झाला आणि राखणीसाठी दक्षिण सुदानचे सैनिक तेलक्षेत्रात दाखल झाले.

त्याच कोर्दोफानमधलं कादुगली शहर तेव्हा वेढ्यात होतं. तिथे उपासमार सर्वांत गंभीर पातळीला पोहोचल्याचं नोव्हेंबरमध्येच जाहीर झालं होतं. कादुगलीसाठी असा समझोता डिसेंबरमध्ये झाला नाही.