जरा वाकून चाल!

माझी धाकटी बहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि डोकंभर उंच आहे. मी चार फूट दहा इंच, ती पाच फूट आठ. पन्नास किलोचं पोतं ती एकटी पाठीवर घेते. मी हात लावायला गेले तर म्हणते, "ताई, तू बाजूला हो."

हे कसं झालं? आजी उंच होती म्हणे, असेल तसंही. पण मला आठवतं ते ताट. आधी वडील, मग भाऊ, मग टोपात उरेल त्यात आई आणि मी. सातवीनंतर मला घरी बसवलं. शाळेत शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला आणि खिचडी सुरू झाली, तोवर माझी पाचवी मागे पडली होती. धाकटीला ती मिळाली. त्या पंगतीत भावाच्या मागून जेवायचं नव्हतं.

तिचं बळ घराला चालत होतं बरं का! घागरी आणायला, माळ्यावरची पिंपं उतरवायला, आजारी आजोबांना उचलून बसवायला. "पोरगी नव्हे, पोरगाच आमचा!" पोरगाच? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हा कायदा २००५चा. तो मात्र कुणाला आठवला नाही.

मला पाहायला आले तेव्हा तिला मामाकडे धाडलं, तीच थोरली वाटेल म्हणून. लग्नानंतर नवऱ्याचा मार मी खाल्ला. एकदा तिच्यासमोर हात उगारला गेला. तिने तो मनगटाशी धरला. नुसता धरून ठेवला. जावयाचा अपमान झाला म्हणून घरच्यांनी तिलाच माफी मागायला लावली. मी गप्प बसले.

मग तिला स्थळं आली. सपाट चप्पल, खाली अंबाडा. "जरा वाकून चाल," असं तिला मीच सांगितलं. मुलाची आत्या म्हणाली, "दाजीचा हात धरणारी ती हीच ना?"

बाई खरं बोलून गेली. नवरी दोन बोटं तरी बुटकी हवी, जोडा शोभला पाहिजे, असं आपण म्हणत आलो. शोभा कसली! उगारलेला हात खालून कुणी अडवू नये, एवढीच त्यातली सोय.

आणि आपण? शिबिरात कराटेचं प्रात्यक्षिक ठेवतो, टाळ्या वाजवतो. त्यातल्याच एका कार्यकर्तीने लेकीच्या बायोडेटात उंची दोन इंच कमी लिहिलेली मी पाहिली आहे. ती आधी खोडा, मग व्याख्यानं द्या.

धाकटी पोलीस भरतीला गेली. (पोलिसांचा आपल्याला काय अनुभव आहे तो मला ठाऊक आहे. तो वाद वेगळा.) तिथे बाईला किमान १५५ सेंटिमीटर उंची लागते. मोजणाऱ्या बाईंना तिला दोनदा सांगावं लागलं, "पाठ सरळ कर." मी लावलेली सवय एकदम जाईना.