नारळ सोडायचे कधी?

स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये 'रेझिलियन्स'ची व्याख्या आपण सगळ्यांनीच दोन मार्कांसाठी पाठ केलेली असते. इलॅस्टिक लिमिटच्या आत ताण दिला की पदार्थ जेवढी ऊर्जा साठवतो आणि लोड काढल्यावर परत देतो, ती त्याची रेझिलियन्स. पेपर संपला, व्याख्या विसरलो! पण हाच शब्द मानसशास्त्रवाले लहान मुलांसाठीही वापरतात. मुलगा खचला तरी परत उभा राहतो का, एवढाच त्याचा साधा अर्थ. गंमत अशी की आपल्या व्याख्येतले सगळ्यात महत्त्वाचे शब्द, 'लिमिटच्या आत', नेमके घरोघरी गळून पडतात.

आपल्या सावंतवाडी तालुक्यातलंच उदाहरण घ्या. सांगेलीला जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून देशभर उभ्या राहिलेल्या शाळांपैकी ही आपल्या जिल्ह्याची. शिक्षण, राहणं, जेवण मोफत. अशा एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. प्रवेश परीक्षा द्यायची पाचवीत असताना. दोन तास, ८० प्रश्न, १०० मार्क. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, दुसरा चान्स नाही. आपल्याला इंजिनिअरिंगला केटी तरी मिळते हो! इथे दहा-अकरा वर्षांच्या पोराला तीही नाही.

आता निकाल लागतो तेव्हा काय होतं बघा. ज्याचं नाव यादीत नाही, त्याच्या घरी दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "झिला, रडतंस कित्याक? बापयो मां तू?" दुसरे म्हणतात, "पेपरच कठीण होता, तुझी काय चूक नाय, चल तुला नवीन सायकल घेऊ." पहिल्याने रडू दाबून टाकलं, दुसऱ्याने ते विकत घेतलं. "वाईट वाटलं ना? वाटणारच. उद्या बसू आणि कुठलं गणित अडलं ते बघू," एवढं साधं वाक्य बोलणारा मात्र क्वचित सापडतो. खरं म्हणजे मनाची ताकद याच वाक्यात तयार होते. दुःख नाकारायचं नाही आणि त्यात बुडूनही जायचं नाही.

आणि ज्याचं नाव यादीत आहे, त्याची परीक्षा तर आता सुरू होते! ज्या वयात आईने डबा भरून द्यायचा, त्या वयात तो ट्रंक आणि बादली घेऊन हॉस्टेलवर जातो. स्वतःचे कपडे, स्वतःचं अंथरूण, आजूबाजूला अनोळखी पोरं. पुढे नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्येही पाठवतात. तिथे हिंदीत बोलायचं, तिथलं जेवण जेवायचं. यातली बहुतेक पोरं तरून जातात. ती काय जन्मतःच कणखर असतात का? मला नाही तसं वाटत. त्यांच्याबरोबर तेच भोगणारी दुसरी मुलं असतात, दिवसाला ठरलेली घडी असते आणि एखादा सर किंवा एखादी मॅडम लक्ष ठेवून असते. जिथे हे नसतं, तिथे तेच हॉस्टेल पोराला आतून मोडू शकतं.

हे माझंच म्हणणं नाही. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं मोठेपणी छान उभी राहिली. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : आयुष्यात निदान एक तरी मोठं माणूस त्यांना घट्ट धरून होतं. आईबापच असले पाहिजेत असं नाही. आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही.

काही जण म्हणतील, "आमच्या वेळी मास्तर छडीने फोडायचे, आम्ही नाही का घडलो?" घडलात, मान्य. पण जे मोडले ते आज हे सांगायला पुढे येत नाहीत. शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं यांवर शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच बंदी घातली. हे लोक हमखास 'श्यामची आई'मधल्या पोहण्याच्या प्रसंगाचा दाखला देतात. आईने मारून श्यामला पोहायला पाठवलं ते सगळ्यांना आठवतं, नंतर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं ते सोयीस्कर विसरलं जातं. ताकद त्या माराने आली की त्या पाण्याने, याचा विचार करा.

पोहण्यावरूनच बोलायचं तर आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला सुके नारळ बांधतात. पहिल्याच दिवशी नारळाशिवाय ढकलणारा मूर्ख, आणि दहावीपर्यंत नारळ न सोडणाराही मूर्खच! हळूहळू एक नारळ कमी करायचा, मग दुसरा, आणि शिकवणाऱ्याने पाण्यातच उभं राहायचं. आठ ते बारा हे वय म्हणजे नारळ कमी करण्याचं वय. या वयात एकट्याने दुकानातून सामान आणू दे, मित्राशी झालेलं भांडण स्वतः मिटवू दे, कॅरममध्ये हरू दे. मुद्दाम हरून त्याला जिंकवू नका. आणि तो हरल्यावर उठूनही जाऊ नका.

तुम्ही म्हणाल, हे आईबापांना सांग, आम्हाला कशाला? कारण घरातल्या धाकट्यांचे 'हिरो' आपण असतो राव! दादा इंजिनिअर होतोय, ताई पुण्याला शिकते, हे ते शाळेत मिरवत असतात. पण आपल्यापैकी किती जणांनी त्यांना सांगितलंय की आम्हालाही केटी लागते, व्हायव्हाला पाय लटपटतात, हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात घरची आठवण येऊन जेवण जात नाही? त्यांना आपली फक्त मार्कशीट दिसते. मग स्वतःचं पहिलं अपयश त्यांना जगातलं एकमेव अपयश वाटतं. अशा वेळी एखादं पोर फारच गप्प झालं, खाणं-झोपणं बिघडलं, तर मात्र उपदेश नको, मोठ्यांना सांगून डॉक्टर गाठावा. १०९८ ही मुलांची हेल्पलाईन आहे, १४४१६ ही मानसिक आरोग्याची. दोन्ही नंबर पाठ असायला हरकत नाही, फॉर्म्युले करतोच की!

येत्या चतुर्थीला सगळी भावंडं घरी जमतील. आरत्या झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवा, त्यातल्या पाचवी-सहावीतल्या एकाला जवळ घ्या आणि "किती मार्क पडले?" याऐवजी "यंदा काय जमलं नाही रे?" असं विचारा. मग मात्र गप्प बसून ऐका. बघा तर खरं, किती बोलतो ते!