कानाने दिलेला कौल

‘स्मॅश’ या अमेरिकन मालिकेला सर्वांत जास्त नावे ठेवली ती रंगभूमीवर काम करणाऱ्यांनी, आणि तिचा एकही भाग चुकू न देणाऱ्यांतही तेच पुढे होते. मालिका संपून एक तप उलटले, तरी न्यूयॉर्कच्या नाट्यवर्तुळात तिचा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. आपल्या मासिकाचे वाचक नाटक लिहितात, चाली बांधतात, तालमी घेतात, रात्री प्रयोग करून सकाळी मालिकेच्या चित्रीकरणाला पोहोचतात. नाटक आणि मालिका या दोन्ही घरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ‘स्मॅश’च्या प्रेक्षकांचे म्हणणे नीट ऐकावे, म्हणून या महिन्याचे संपादकीय तिच्यावर.

मॅरिलिन मन्रोच्या आयुष्यावर ‘बॉम्बशेल’ नावाचे म्युझिकल रचले जाते. कवयित्री ज्युलिया आणि संगीतकार यांची जुनी जोडी, हट्टी दिग्दर्शक, घटस्फोटाच्या खटल्यात पैसा अडकलेली निर्माती, आणि मॅरिलिनच्या भूमिकेसाठी झगडणाऱ्या दोन तरुणी, एवढी ही कथा. एनबीसी वाहिनीने ६ फेब्रुवारी २०१२ रोजी ती सुरू केली. कल्पना आणि लेखन थेरेसा रीबेक या नाटककार बाईंचे, निर्मात्यांमध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग, गाणी ‘हेअरस्प्रे’ची जोडी मार्क शायमन आणि स्कॉट विटमन यांची, पहिल्या भागाचे दिग्दर्शन ‘स्प्रिंग अवेकनिंग’ करणाऱ्या मायकेल मेयर यांचे. म्हणजे रंगभूमी ठाऊक नसलेल्या लोकांनी हे काम केले, असे कोणालाच म्हणता येणार नाही. पहिला भाग सुमारे १ कोटी १४ लाख लोकांनी पाहिला. वर्षभराने दुसरे पर्व सुरू झाले तेव्हा त्यांतले सुमारे ४५ लाख उरले होते. पुढे मालिका शनिवारी रात्रीच्या ओसाड वेळेत ढकलली गेली आणि २६ मे २०१३ रोजी, एकूण ३२ भागांनंतर, संपली.

पहिल्या भागाचे मात्र जवळजवळ सर्वांनी कौतुक केले, आणि ते योग्यच होते. तालमीच्या खोलीत घामेजलेल्या कपड्यांतले नर्तक, भिंतीवर आरसे, कोपऱ्यात पियानो. गाणे सुरू होते आणि मधल्याच एका ठेक्यावर तीच माणसे पूर्ण वेशभूषेत, रंगमंचाच्या प्रकाशात दिसू लागतात. पुढच्या ठेक्याला पुन्हा तालमीची खोली. दिग्दर्शकाच्या मनातला प्रयोग आणि समोर घडणारी तालीम यांची अशी वीण टीव्हीवर क्वचितच दिसते. जॉशुआ बर्गासी यांना या नृत्यरचनांसाठी २०१२चा एमी मिळाला. तालमीत बसून ज्याने कधी पुढचा प्रयोग डोळ्यांसमोर पाहिला आहे, त्याला ही दृश्ये आपलीच वाटतील. सामान्य प्रेक्षकालाही ती कळली, आवडली. नाटक कसे बनते हे पाहायला लोकांना कंटाळा येतो, ही समजूत त्या पहिल्या भागाने खोटी पाडली होती. दुर्दैव एवढेच की खुद्द मालिका करणाऱ्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

प्रेक्षकांचा खरा वाद पेटला तो दोन नायिकांवरून. आयव्ही ही कोरसमध्ये वर्षानुवर्षे राबलेली, तयारीची गायिका-नर्तकी. कॅरेन ही आयोवाहून आलेली, कॉफी-हाउसात काम करणारी नवखी मुलगी. आयव्ही झाली मेगन हिल्टी, जिने ब्रॉडवेवर ‘विकेड’ आणि ‘नाइन टू फाइव्ह’ गाजवले होते. कॅरेन झाली कॅथरिन मॅक्फी, २००६च्या ‘अमेरिकन आयडॉल’ची उपविजेती. दोघींचे गळे चांगलेच. पण एकीचा गळा रंगमंचावर तयार झालेला, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द फेकणारा. दुसरीचा मायक्रोफोनच्या जवळिकीत खुलणारा. मॅरिलिनची भूमिका, आणि ‘बॉम्बशेल’ची जुन्या ब्रॉडवे वळणाची गाणी, पहिल्या गळ्याची होती. संहितेने मात्र ठरवून टाकले होते की कॅरेनमध्ये काहीतरी अलौकिक आहे. म्हणून भागामागून भाग पात्रे एकमेकांना तेच सांगत राहिली. दिग्दर्शक थक्क होऊन बघतो, संगीतकार भारावतो, पहिल्या पर्वाच्या अखेरीला बॉस्टनच्या प्रयोगात ऐनवेळी मॅरिलिन होते कॅरेन आणि डावलली जाते आयव्ही. प्रेक्षक घरी बसून दोघींनाही ऐकत होता आणि त्याला काही वेगळेच ऐकू येत होते.

‘स्मॅश’वरच्या सगळ्या नाराजीचे मूळ आमच्या मते इथे आहे. इतर कोणत्याही कथेत लेखकाने एखाद्याला थोर डॉक्टर किंवा निष्णात वकील म्हटले की प्रेक्षक मान्य करतो, कारण तपासायला त्याच्याकडे साधन नसते. गायकाच्या बाबतीत साधन समोरच असते. गाणे वाजते, कान कौल देतो, आणि तो कौल संवादांनी फिरवता येत नाही. पात्रांच्या तोंडी स्तुती जितकी वाढवावी तितका प्रेक्षक चिडतो. त्याला वाटते, मला ऐकू येत नाही असे समजता की काय? रागारागाने पाहण्याचा जो प्रकार ‘स्मॅश’च्या वाट्याला आला, ज्यावर ‘न्यू यॉर्कर’च्या समीक्षक एमिली नसबॉम यांनीही त्याच वर्षी लिहिले, त्यामागे हा अपमान होता. मालिकेवर प्रेम नसते तर लोक इतके रागावलेही नसते.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखले गेले आहे. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये दोन गायकांची स्पर्धा हाच नाटकाचा कणा. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी खाँसाहेब आणि पंडितजी यांच्याबद्दल संवादांत कितीही लिहिले असते तरी नाटक उभे राहिले नसते. १९६७ साली ते उभे राहिले, कारण जितेंद्र अभिषेकींनी दोन गायकी खरोखर वेगळ्या बांधल्या आणि खाँसाहेबांच्या जागी वसंतराव देशपांडे होते. २०१५च्या चित्रपटातही शंकर महादेवन स्वतः गायले आणि सचिन पिळगांवकरांच्या खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांचा गळा लाभला. संगीत नाटक ज्यांनी कधी पाहिले नव्हते, अशी मुलेही तो चित्रपट बघून आपापसात गायकीवर बोलू लागली. दोन्ही बाजूंना अस्सल गाणे दिले की निवाड्याचे काम प्रेक्षकावर सोपवता येते, आणि ते काम त्याला मनापासून आवडते. ८ जुलै १९२१च्या संयुक्त ‘मानापमाना’त बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर आले, त्याला शंभर वर्षे उलटली. त्या रात्री कोणाचे गाणे वर ठरले, हा वाद मराठी माणूस अजून हौसेने घालतो.

दुसरी तक्रार रंगकर्मींची, आणि ती अधिक बारकाईची. ‘बॉम्बशेल’ची गाणी प्रेक्षकाला तोंडपाठ झाली, पण ते नाटक नेमके काय आहे हे बत्तीस भागांत कोणाला कळले नाही. गाण्यांच्या मधला मजकूर कुठे आहे? पहिला अंक कुठे संपतो? मॅरिलिनची कथा कोणाच्या नजरेतून सांगितली जाते? दुसऱ्या पर्वात खुद्द मालिकेतल्या पात्रांनाच हा प्रश्न पडला आणि संहिता दुरुस्त करायला एक नाट्यसल्लागार आणला गेला. कल्पना उत्तम होती. पण लिहिताना काय कापले, काय हलवले, कोणते गाणे कोणत्या प्रवेशात नेल्यावर अर्थ बदलला, हे दाखवायची वेळ आली की कॅमेरा ज्युलिया आणि तो सल्लागार यांच्या एकमेकांकडे ओढले जाण्याकडे वळायचा. लेखकाच्या खोलीत खरे नाट्य असते. एक पद काढावे की ठेवावे यावरून वीस वर्षांची मैत्री तुटायला येते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ‘स्मॅश’ने त्या खोलीचे दार अनेकदा उघडले आणि प्रत्येक वेळी आत न शिरता मागे फिरली.

जिथे ती आत शिरली तिथले क्षण लोकांनी जपून ठेवले. आवाज बसल्यावर आयव्ही स्टेरॉइडच्या गोळ्या घेते आणि त्यांच्या परिणामांनी सैरभैर होते. गळ्यावर पोट असणाऱ्याला त्यात स्वतःची भीती दिसली. निधी उभा करण्यासाठी निर्मात्यांपुढे केलेला बिननेपथ्याचा प्रयोग आणि नेमक्या त्याच वेळी बिघडलेली इमारतीची हीटिंग यंत्रणा, हेही खरे वाटले. उमा थर्मनने केलेली चित्रपटतारका तर आपल्या निर्मात्यांना चांगलीच ओळखीची वाटेल. तिकीटविक्रीसाठी नाव हवे म्हणून तिला घेतले जाते, तिला गाता येत नाही, मग एकेक गाणे कमी होत जाते आणि गाण्यांच्या जागी बोलणे येते. आणि लिंडा! ॲन हराडा यांनी केलेली ही स्टेज मॅनेजर. तिला संवाद थोडेच होते, पण ती दिसली की रंगकर्मी प्रेक्षक सुखावत, कारण सगळे भांडत असताना तालीम वेळेवर सुरू करणारे माणूस प्रत्येक नाटकात असते आणि कोणी त्याच्यावर कथा लिहीत नाही. लिंडाला दोन भाग पूर्ण द्यायला हवे होते, असे आमचे मत आहे.

याउलट आयव्ही-कॅरेनच्या स्पर्धेपेक्षा ज्युलियाचे घर, तिचा नवरा आणि मुलगा, जुने प्रेमप्रकरण, निर्मातीचा कारस्थानी साहाय्यक एलिस यांतच कितीतरी वेळ गेला. एलिसवर प्रेक्षकांनी जो राग काढला तो दुसऱ्या कुठल्याही पात्राच्या वाट्याला आला नाही. कॅरेनचा प्रियकर देव झालेला रझा जाफरी २००२ साली लंडनमध्ये ए. आर. रहमान यांच्या ‘बॉम्बे ड्रीम्स’मध्ये नायक होता. त्याच्या पात्राच्या निमित्ताने मालिकेने एक बॉलिवूड पद्धतीचे स्वप्नगीतही घातले. ते अनेकांना खटकले, आम्हालाही. स्वप्नगीताला आमची हरकत असायचे कारणच नाही. पण ते गाणे कोणत्याही प्रवेशाच्या गरजेतून आले नव्हते. प्रसंगातून पद उगवले पाहिजे, हा दंडक आपल्या रंगभूमीला किर्लोस्करांपासून ठाऊक आहे.

वाहिनीने हा सगळा आरडाओरडा ऐकला. पहिल्या पर्वानंतर रीबेक बाजूला झाल्या आणि ‘गॉसिप गर्ल’चे जॉशुआ सफ्रान यांच्याकडे सूत्रे गेली. एलिस, देव, ज्युलियाचा नवरा, तिचा जुना प्रियकर हे सारे मुख्य पात्रांमधून वगळले गेले. त्यांच्या जागी ‘हिट लिस्ट’ नावाचे दुसरे, तरुण मंडळींचे म्युझिकल आणले गेले, त्यात जेरेमी जॉर्डनसारखा खणखणीत गायक. त्या नाटकाचा तरुण लेखक अचानक मरण पावतो, हे कथानक ‘रेंट’च्या जोनाथन लार्सनच्या १९९६मधल्या मृत्यूची सरळ आठवण करून देणारे होते. प्रेक्षकांना जी माणसे नको होती ती गेली, तरी प्रेक्षक परतले नाहीत. लोकांच्या तक्रारीतला शब्द ऐकला गेला आणि कारण ऐकायचे राहिले. एलिस नकोसा होता, कारण तो तालमीचा वेळ खात होता. त्याला काढून तो वेळ तालमीला परत द्यायचा, की नवे प्रेमत्रिकोण त्यात भरायचे? मालिकेने दुसरा मार्ग निवडला. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया रोज मोजणाऱ्या आपल्या वाहिन्यांनी हा धडा लक्षात ठेवावा. ‘अमुक पात्र आवडत नाही’ या वाक्यामागे जवळजवळ नेहमी दुसरे एक वाक्य असते, आणि ते शोधणे लेखकाचे काम आहे.

शेवटच्या भागात टोनी पुरस्कारांचा सोहळा आहे. त्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार आयव्हीला मिळतो. प्रेक्षकांच्या कानांनी पहिल्या महिन्यातच दिलेला कौल मालिकेने जाता जाता मान्य केला.

गाणी मात्र टिकली. ८ जून २०१५ रोजी मिन्स्कॉफ थिएटरमध्ये कलावंतांच्या मदतनिधीसाठी ‘बॉम्बशेल’चा एका रात्रीचा जाहीर कार्यक्रम झाला. बंद पडलेल्या मालिकेतल्या, प्रत्यक्षात कधीही न झालेल्या नाटकाची गाणी ऐकायला ब्रॉडवेवर गर्दी लोटली. १० एप्रिल २०२५ रोजी ‘स्मॅश’ हेच म्युझिकल होऊन इम्पीरिअल थिएटरमध्ये आले. सुझन स्ट्रोमन यांचे दिग्दर्शन, शायमन-विटमन यांचीच गाणी, बर्गासी यांचीच नृत्ये. कथा मात्र बरीचशी नवी, विनोदी अंगाने लिहिलेली. २२ जूनला ते बंद झाले. गाण्यांवर लोकांचा जीव आणि कथेवर मतभेद, हे तिथेही चुकले नाही.

आमच्या लेखक-निर्मात्यांना एक आग्रहाची विनंती आहे. मराठी नाटक कसे उभे राहते यावर एक मालिका आपल्याकडे व्हायला हवी, आणि सामग्रीची वाण नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले तेव्हा त्याचे चारच अंक झाले होते. अपुऱ्या नाटकाचा प्रयोग लावून ते पुढे पूर्ण करण्याची ती धडपड एखाद्या पर्वाला पुरून उरेल. पण कोणी हे काम हाती घेतलेच, तर नायिका कोण श्रेष्ठ हे संवादांत लिहू नका. पहिल्या भागाच्या चर्चेलाच संगीतकाराला बोलवा, दोन्ही नायिकांची पदे आधी बांधून घ्या, गळे ठरवा, आणि मगच कथा लिहायला बसा.