‘ड’चे थेंब मोजूनच

मूल कुंथतंय, घास पाहून तोंड फिरवतंय, सारखं पाणी मागतंय, एकदोनदा ओकलंही. अशा वेळी आपण आधी एरंडेल शोधतो. त्याआधी, मैत्रिणींनो, त्याच्या पोटात ‘ड’ जीवनसत्त्व किती जातंय ते पाहा बरं! आमच्या शेजारच्या आजींनी स्वतःसाठी आणलेली ६०,००० युनिटची पुडी, आठवड्याला एक घ्यायची, ती नातवाला रोज दुधातून दिली. का, तर हाडं भरतील! जादा झालेलं ‘ड’ जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, अंगातल्या चरबीत साठून राहतं. मग रक्तात कॅल्शियम वाढतं, आतडी सुस्तावतात.

म्हणून घाबरून थेंब बंद मात्र करू नका हं. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फारच थोडं, त्यामुळे तान्ह्याला वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० युनिट द्यायलाच हवीत. फक्त बाटली वाचा. एका मिलिलिटरमध्ये कुठे ४०० युनिट असतात, कुठे ८००. जुन्या बाटलीचा ड्रॉपर नवीला लावू नका. जास्त गेल्याची शंका आली, तर औषध थांबवून त्याच दिवशी बाटली किंवा पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तातलं कॅल्शियम तपासलं की उलगडा होतो.