हा विषय होऊन गेला आहे

आपल्याकडची कोणतीही सभा घ्या. ती गावची ग्रामसभा असो, सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा असो, की सहकारी गृहनिर्माण संस्थेने गच्चीवर खुर्च्या मांडून भरवलेली बैठक असो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यापासून तिचा आरंभ होतो आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांनी तिचा शेवट होतो. आणि या दोहोंच्या मध्ये केव्हातरी एखादा नवखा सभासद भीत भीत उभा राहून पाण्याच्या टाकीविषयी, पुस्तकांच्या खरेदीविषयी किंवा स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्याविषयी चार शब्द बोलू लागला, की मागल्या रांगेतून एक अनुभवी आवाज हटकून उठतो : ‘हा विषय होऊन गेला आहे.’ या पाच शब्दांचे सामर्थ्य विलक्षण आहे. त्यांत प्रश्नाचे उत्तर नसते, प्रश्नाचे खंडनही नसते. तरी प्रश्न विचारणारा ओशाळून खाली बसतो, अध्यक्षांचा जीव भांड्यात पडतो आणि सभा पुढल्या विषयाकडे वळते.

सभाशिष्टाचाराच्या या स्वयंनियुक्त कारकुनाची स्मरणशक्ती वाखाणण्याजोगी असते, हे त्याच्या शत्रूलाही कबूल करावे लागेल. विषय प्रथम कोणत्या साली निघाला, तेव्हा अध्यक्षस्थानी कोण होते, कोणत्या गृहस्थांनी हरकत घेतली, कोण रागावून उठून गेले आणि त्या दिवशी अल्पोपाहाराला काय होते, इतका सगळा तपशील त्याच्या जिभेवर असतो. मात्र ‘मग ठरले काय?’ असा साधा प्रश्न त्याला कोणी केला, तर तो क्षणभर गोंधळतो आणि ‘चर्चा झाली होती’ एवढेच उत्तर देतो. इतिवृत्ताची वही काढून पाहावी, तर तिच्यातही ‘साधकबाधक चर्चेअंती विषय तहकूब’ एवढीच ओळ सापडते. चर्चा होणे आणि निर्णय होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ज्याला लहानसहान व्यवहारात उमगते, त्यालाच सभेच्या खुर्चीवर बसल्यावर त्याचे विस्मरण का व्हावे, याचा उलगडा मला तरी झालेला नाही. माझा संशय असा आहे की, या मनुष्याला विषयात रस नसतो. आपण येथले जुने आहोत आणि समोरचा नवा आहे, हे त्याला नोंदवून ठेवायचे असते.

वर्तमानपत्राचा संपादक ‘या विषयावरील पत्रव्यवहार आता बंद करण्यात येत आहे’ अशी चौकट छापतो, तेव्हा त्याचे वर्तन पुष्कळच प्रामाणिक असते. प्रश्न सुटला, असा दावा तो करीत नाही. आपल्या पानावरची जागा संपली, एवढेच तो सांगतो.

पुनरुक्तीला दोष मानणे ही काही आजची टूम नव्हे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, वाद करणारा हरला असे केव्हा समजावे हे सांगताना जी बावीस निग्रहस्थाने गणली आहेत, त्यांत पुनरुक्त हे एक आहे. परंतु ज्या सूत्राने हा दोष सांगितला, त्याच सूत्राने प्रयोजन धरून केलेल्या पुनःकथनाला त्यातून वगळले आहे. आणि ‘लवकर, लवकर जा’ असे सांगणारा मनुष्य एकच शब्द दोनदा उच्चारून वाणीचा अपव्यय करीत नसतो, निकड अधिक आहे हे तो कळवीत असतो, अशा आशयाचा दाखलाही त्या परंपरेत आला आहे. याहून मार्मिक गोष्ट अशी की, तत्त्व कळावे म्हणून चालणारा वाद आणि प्रतिपक्षाला चीत करावे म्हणून चालणारा जल्प, असा भेद नैयायिकांनी केला असून, पहिल्या प्रकारात भाष्यकार वात्स्यायन मोजक्याच निग्रहस्थानांना जागा देतात, आणि त्यांत पुनरुक्ताचा समावेश नाही. छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू ‘मला पुन्हा समजावून सांगा’ असे बापाला पुनःपुन्हा विनवतो, आणि उद्दालक एकच महावाक्य त्याला नऊ वेळा, दर वेळी निराळा दृष्टांत योजून सांगतो. त्याच्या तोंडून, हे कालच झाले, असे एकदाही निघत नाही. ग्रंथाचे तात्पर्य कशात आहे हे ओळखण्याच्या सहा खुणा सांगताना आपल्या शास्त्रकारांनी अभ्यास, म्हणजे तीच गोष्ट वारंवार येणे, ही एक खूण मानली. जी गोष्ट लोक पुनःपुन्हा विचारतात तीच महत्त्वाची असण्याचा संभव अधिक, असा याचा लौकिक अर्थ कोणी काढला तर तो अगदीच अशास्त्रीय ठरणार नाही.

तरीही वादाला कोठेतरी सीमा असावी, हे न्यायालयाइतके कोणाला कळते? तीन पिढ्या एकाच बांधावरून भांडणारी भाऊबंदकी ज्यांनी दिवाणी दाव्यांच्या बासनांत पाहिली आहे, त्यांना पूर्वन्यायाच्या तत्त्वाची थोरवी पटवून द्यावी लागत नाही. एकदा निकाल लागलेले प्रकरण पुन्हा उकरून काढता येऊ नये, हे तत्त्व १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये ग्रथित झाले आहे. पण ते किती अटींनी जखडलेले आहे, ते पाहावे : वादाचा मुद्दा प्रत्यक्ष व सारतः तोच असला पाहिजे, पक्षकार तेच किंवा त्यांच्या हक्काने आलेले असले पाहिजेत, पूर्वीचे न्यायालय त्या दाव्याचा निकाल देण्यास सक्षम असले पाहिजे, आणि मुख्य म्हणजे तो मुद्दा सुनावणी होऊन अखेरचा निकालात निघालेला असला पाहिजे. आपल्या स्मृतिकारांना हीच गोष्ट प्राङ्न्याय या नावाने ठाऊक होती. फिर्यादीला प्रतिवादीने देण्याच्या उत्तराचे जे चार प्रकार त्यांनी सांगितले, त्यांपैकी ‘याचा न्याय पूर्वीच झाला आहे’ हा एक. आणि हे उत्तर देणाऱ्यावर त्यांनी जबाबदारी अशी टाकली की, पुरावा त्याने आणावा, पूर्वीच्या विजयाचे जयपत्र त्याने हजर करावे. फिर्यादीने नव्हे, ‘झाले आहे’ असे म्हणणाऱ्याने! मागल्या रांगेतल्या आमच्या स्नेह्याकडे असे जयपत्र क्वचितच असते.

लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. सभागृहाने ज्या प्रश्नावर निर्णय दिला, तोच प्रश्न सारतः उपस्थित करणारा प्रस्ताव पुन्हा आणता येत नाही. पण ही बंदी त्याच अधिवेशनापुरती आहे, पुढल्या अधिवेशनाला ती लागू नाही. आपले किंवा इतर सदस्यांचे युक्तिवाद कंटाळवाणेपणाने पुनःपुन्हा मांडणाऱ्या सदस्याचे भाषण थांबवण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. मात्र त्या वर्तनाकडे आधी लक्ष वेधावे लागते. ज्या देशाच्या सर्वोच्च सभागृहाने विषयाला कायमचे कुलूप लावण्याचे टाळले, त्या देशातल्या एका इमारतीच्या कार्यकारिणीने वाहनतळाच्या प्रश्नाला ते लावून किल्ली विहिरीत टाकावी, हे जरा अधिकच झाले.

महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास तर या बाबतीत फारच बोलका आहे. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती; परंतु शास्त्राची त्याला संमती आहे की नाही, या प्रश्नावर १८७० साली पुण्यात शंकराचार्यांच्या पुढाकाराने दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा रीतसर वाद झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. विषय होऊन गेला होता. तोही गच्चीवरच्या बैठकीत नव्हे, धर्मपीठाच्या साक्षीने. त्या निर्णयाचा मान राखून सगळे गप्प बसले असते, तर आगरकरांना लेखणी म्यान करून बसावे लागले असते, धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला नसता, आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापनाही झाली नसती. त्याच कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे मुख्य विषय. त्यांपायी खटले झाले, दंड झाले, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. आणि वाचकांच्या शंका या विषयात ज्या असायच्या त्याच असत. नवी पिढी वयात येते, ती आधीच्या पिढीचे अंक वाचून येत नाही. रघुनाथरावांचा स्वभाव काही मृदू नव्हता, त्यांची भाषा खरखरीत होती. पण तोच विषय सव्वीस वर्षे लावून धरण्याची चिकाटी त्यांच्यापाशी नसती, तर या कामाला महाराष्ट्रात आणखी किती उशीर झाला असता, याचा अंदाज करणेही कठीण आहे. सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, तेव्हा रघुनाथरावांचे आयुष्य सरत आले होते.

याचा अर्थ पुनरावृत्ती सर्वत्र वंदनीय आहे, असा नव्हे. शुद्धलेखनाचा वाद पाहा. साहित्य महामंडळाच्या चौदा नियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, अनुच्चारित अनुस्वार हद्दपार झाले, मुलांच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्यावाचून शिकल्या. तरी अनुस्वार गेल्यामुळे भाषेचा आत्मा गेला, अशी कैफियत घेऊन तेच ते सद्गृहस्थ, तीच ती उदाहरणे देत, दरसाल संपादकांकडे रुजू होतात, आणि मागील खेपेस आपल्याला कोणी काय उत्तर दिले होते याचा त्यांना गंधही नसतो. दळलेले पीठ पुन्हा जात्यात घालणाऱ्या या मंडळींबद्दल माझ्या मनात सहानुभूती नाही. त्यांच्यापुढे निर्णय आहे, त्याची कारणे आहेत, प्रत्युत्तरही आहे. नाही ती फक्त ऐकून घेण्याची तयारी. तोच प्रश्न नव्या माणसाने विचारणे आणि त्याच माणसाने तोच युक्तिवाद शंभरदा मांडणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि आमच्या सभांची तऱ्हा अशी की, दुसऱ्या प्रकारचा मनुष्य बहुधा जुना, वजनदार आणि देणगीदार असल्यामुळे त्याला कोणी अडवत नाही, अडवला जातो तो पहिला.

नवागताकडून काहीच अपेक्षा करू नये, असेही मी म्हणणार नाही. जेथे इतिवृत्ताची वही उघड्यावर ठेवलेली आहे, तेथे ती चाळून येण्याचा शिरस्ता त्याने पाळावा. पण बहुतेक संस्थांत ही वही चिटणीसांच्या घरच्या कपाटात असते, कपाटाची चावी त्यांच्या सौभाग्यवतींपाशी असते, आणि सौभाग्यवती माहेरी गेलेल्या असतात! ज्याचे दप्तर बंद आहे त्याला, तुम्ही दप्तर का पाहिले नाही, असे विचारण्याचा हक्क पोहोचत नाही. यापुढे अध्यक्षांनी एक साधा नियम करावा, अशी माझी त्यांना विनंती आहे : ‘हा विषय होऊन गेला’ असे ज्याला म्हणावयाचे असेल, त्याने तारीख सांगावी, ठराव वाचून दाखवावा, आणि ठराव नसल्यास खाली बसावे. ठराव निघाला, तर नव्या सभासदालाही तो ऐकून समाधान वाटेल. पुष्कळदा त्याला तेवढेच हवे असते.

याच कसोटीला आपल्या साहित्य संमेलनांचे ठरावही लावून पाहावेत, कारण ‘पुन्हा तेच ठराव’ ही वृत्तपत्रांची ठरीव थट्टा आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा, ही मागणी वर्षानुवर्षे झाली, २०१२ मध्ये रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तो दर्जा दिला. त्या दिवशी त्या मागणीचे काम संपले, आणि यापुढे ती करणारा खरोखरच पुनरुक्तीचा धनी होईल. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ साली, माडखोलकर अध्यक्ष असताना, बेळगावच्या संमेलनात झाला. राज्य १ मे १९६० रोजी झाले, पण जेथे तो ठराव झाला ते बेळगाव त्यात आले नाही. या सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ मध्ये राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्या दाव्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. तो लागेपर्यंत सीमाभागाचा ठराव कोणत्याही व्यासपीठावर कितीही वेळा आला, तरी पुनरुक्तीचा दोष तो मांडणाऱ्याच्या माथी येत नाही.